विश्लेषण : कारचा डेंट घरी काढताय? आधी रंग तपासा, मग हात लावा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचे दार लागते, सिग्नलला दुचाकीचे हँडल घासून जाते आणि आपल्या कारच्या दारावर छोटासा खड्डा दिसू लागतो. मोबाइलवर उपाय शोधला की हमखास एक व्हिडिओ समोर येतो : हेअर ड्रायरने पत्रा तापवा, वर बर्फ फिरवा, डेंट गायब! गॅरेजमध्ये विचारले तर उत्तर दुसऱ्या टोकाचे : अख्खे दार रंगवावे लागेल. दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट राहून जाते. त्या खड्ड्यापेक्षा त्यावरचा कारखान्यातला रंग जास्त मोलाचा आहे. घरी काय करायचे आणि काय नाही, हे त्या रंगाकडे बघून ठरवायला हवे.

मूळ रंग इतका महत्त्वाचा का?

कारचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून जेमतेम ०.१ ते ०.१५ मिलिमीटर. कारखान्यात वायरिंग, सीट, काचा बसवण्याआधी नुसती बॉडी गंजरोधक द्रवात बुडवतात, विजेच्या साह्याने पहिला थर चढवतात आणि तो साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. त्यावर प्रायमर, रंग आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट येतो. पूर्ण जोडलेली गाडी गॅरेजमध्ये एवढी तापवता येत नाही. तिथला रंग ६० ते ८० अंशांवर वाळवला जातो. त्यामुळे पत्र्यापर्यंत घासलेली जागा कितीही सफाईने रंगवली, तरी तो पहिला थर परत मिळत नाही. शिवाय जुनी कार विकताना रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावले की रंगकाम उघड होते आणि भाव पाडायला निमित्त मिळते.

ड्रायर आणि बर्फाची युक्ती चालते का?

साधे गणित करू. पोलाद तापले की दर मीटरमागे, दर अंशाला सुमारे ०.०१२ मिलिमीटर प्रसरण पावते. डेंटचा १० सेंटीमीटर भाग ५० अंशांनी तापवला, तर तो वाढेल ०.०६ मिलिमीटर. पत्रा एका मर्यादेपलीकडे वाकला की नवा आकार धरून बसतो. एवढ्याशा प्रसरणाने तो आकार सोडत नाही. पत्रा मोठ्या भागात नुसताच आत दबला असेल, घडी पडली नसेल, तर तो कधी कधी ‘टक्’ करून बाहेर येतो. व्हिडिओत यशस्वी झालेले डेंट बहुधा याच प्रकारचे असतात. मात्र तापलेल्या रंगावर एकदम गारवा आला की बारीक तडे जाऊ शकतात. आधी कधी रंगवलेल्या पत्र्यावर हा धोका जास्त.

बंपरची गोष्ट वेगळी. तो प्लास्टिकचा असतो आणि उष्णतेने खरोखर मऊ होतो. दबलेल्या भागावर कडक गरम पाणी ओतावे, जाड हातमोजे घालून आतून हळूहळू दाबावे आणि आकार आला की गार पाणी टाकावे. पण बंपरला तडा असेल किंवा त्यामागे पार्किंग सेन्सर, रडार असेल, तर हा प्रयोग नको.

आधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

गाडी धुऊन तीन गोष्टी पाहा. ओरखड्यावरून नख फिरवा : नख अडकले नाही तर ओरखडा बहुधा क्लिअर कोटपुरताच आहे. त्यावर पाणी टाका : ओरखडा दिसेनासा झाला, तर पॉलिशिंग कंपाउंडने काम भागते. टूथपेस्ट मात्र नको, तिने चमक जाऊन जागा धुरकट दिसते. तिसरे, फ्रिजचे चुंबक मऊ कापडात गुंडाळून लावा : स्टीलच्या पत्र्यावर एकाच ठिकाणी ते धरत नसेल, तर तिथे आधी पुट्टी भरलेली असू शकते. तिथे ओढाताण केली तर रंग सोलून येईल.

मग घरी नेमके काय करावे?

रंग शाबूत आहे आणि खड्डा तळहाताएवढा, उथळ आहे : जागा ओली करून रबरी सक्शन कप लावा आणि सरळ बाहेर ओढा. चार-पाच प्रयत्नांत निघाला नाही तर थांबा. रंग शाबूत आहे, पण कडेला किंवा रेषेवर घडी पडली आहे : घरी हात लावू नका. रंग न काढता आतून पत्रा उचलणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. तेही जमत नसेल, तर डेंट तसाच राहू द्या. तो गाडीला काही करत नाही.

रंग उडून पत्रा उघडा पडला असेल, तर मात्र दिरंगाई नको. तेवढीच जागा बारीक वॉटर पेपरने घासा, पूर्ण कोरडी करा आणि गंजरोधक प्रायमरचा थेंब लावा. मग गाडीच्या रंगकोडचा टच-अप रंग पातळ थरांत लावून वर क्लिअर कोट द्या. हा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. ठिपका दिसेल, दिसू द्या. कोकणच्या खाऱ्या हवेत किंवा चार महिन्यांच्या पावसात उघडा पत्रा रंगाखाली गंज पसरवतो. गंजावर घरच्या घरी पुट्टी थापणे म्हणजे तर आजार झाकणे.

विम्याचा दावा करावा का?

छोट्या डेंटसाठी सहसा नाही. दावा न केल्याबद्दल स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के सवलत मिळते. एका दाव्याने ती शून्यावर येते. हा हप्ता ८,००० रुपये असेल, तर ५० टक्क्यांची सवलत म्हणजे वर्षाला ४,००० रुपये. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला दाव्यातले पहिले १,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात.

आपण नेमके उलटे वागतो. चारचौघांत दिसणाऱ्या खड्ड्यासाठी चांगला रंग घासून टाकतो आणि दाराखालचा उघडा पत्रा वर्षभर तसाच ठेवतो. खड्डा थांबू शकतो, उघडा पत्रा नाही. पावसाळ्याआधी गाडीभोवती एकदा फेरी मारा आणि आधी तो शोधा.