हातातल्या संगणकाची गोदी

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात तापमान, दाब, प्रकाश आणि आवाज मोजणारे सहा संवेदक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नीट गुंडाळून ठेवलेले आहेत. त्यांतला एखादा बिघडला असेल असे मला वाटत नाही. तरीही कित्येक वर्षे त्यांनी काही मोजलेले नाही.

कारण साधे आहे. हे संवेदक एका हातात मावणाऱ्या संगणकासाठी घेतले होते. तो संगणक एका खास बैठकीवर बसवावयाचा आणि संवेदकांच्या पिना बैठकीच्या पाठीमागे खोचावयाच्या, अशी व्यवस्था होती. पुढे संगणकाची बॅटरी फुगली. तोवर कंपनीने नवे मॉडेल काढले होते. ते अंगाने बारीक, आणि त्याच्या तळाची खाचही निराळी. विक्रेता म्हणाला, "सर, संगणक नवा मिळेल, पण मग बैठकही नवी लागेल आणि संवेदकही." तेवढे पैसे आमच्या अनुदानात बसत नव्हते. विषय तिथेच संपला.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. हातातल्या संगणकाला जोडावयाच्या उपकरणाची रचना करताना सर्वांत मोठा निर्णय असतो तो जोडणीच्या खाचेचा. ज्या खाचेचा आराखडा निर्मात्याने प्रसिद्ध केलेला नाही, त्या खाचेवर शाळा-महाविद्यालयांनी पैसे घालू नयेत.

अशा बैठकीला इंग्रजीत 'डॉक' म्हणतात. डॉक म्हणजे आपली गोदी. समुद्रातून आलेले जहाज गोदीत लागते, तिथे त्याला इंधन-पाणी मिळते, माल चढतो-उतरतो. हातातला संगणक बैठकीत ठेवला की त्याला वीज मिळते आणि माहितीची ने-आण होते. उपमा चांगलीच जमली आहे. फरक एवढाच की मुंबईच्या गोदीत अनेक देशांची जहाजे लागू शकतात.

आता तुम्ही म्हणाल, खाच म्हणजे काही पिना आणि एक भोक. त्यात एवढे अवघड ते काय? एक छोटा हिशेब करू या. आज मोबाइलला जी टाइप-सी पिन लागते, तिची आत जाणारी लांबी सुमारे साडेसहा मिलिमीटर असते. समजा, एखाद्याने अशी बैठक बनवली की संगणक केवळ त्या पिनेवर उभा आहे. तुम्ही पडद्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे पिनेपासून १५० मिलिमीटरवर, बोटाने १ न्यूटन बल लावले. १ न्यूटन म्हणजे साधारण शंभर ग्रॅमच्या वजनाएवढे. टिचकीच म्हणा ना. दाराची कडी बिजागरीपासून दूर का बसवतात ते तुम्हांला ठाऊक आहेच. इथे तेच उलट दिशेने घडते. १५० ला साडेसहाने भागले की उत्तर येते सुमारे २३. म्हणजे पिनेच्या दोन टोकांशी सुमारे २३-२३ न्यूटनचे दाब पडतात, म्हणजे जवळजवळ अडीच किलो वजनाएवढे! दिवसातून शंभर वेळा असे झाले तर खाच किती दिवस टिकेल? म्हणून चांगल्या बैठकीत वजन आणि धक्का पाठीचा टेकू घेतो, पिनेकडे फक्त वीज वाहण्याचे काम राहते. बाजारातल्या स्वस्त बैठका पाहा. टेकू असतोच असे नाही.

दुसरी अडचण विजेची. चालू संगणकाला नवे उपकरण जोडले की त्यातले रिकामे कपॅसिटर क्षणात भरू पाहतात, विद्युतधारा एकदम उसळते, संगणकाचे व्होल्टेज खाली बसते आणि तो कदाचित बंदही पडतो. म्हणूनच यूएसबीच्या नियमांत, जोडताक्षणी समोर येणारी धारिता १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त नसावी, असे बंधन आहे. घरातला जुना चपटा यूएसबी प्लग हातात घेऊन आत डोकावून पाहा. चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन किंचित पुढे आलेल्या दिसतील. त्या विजेच्या. वीज आधी जोडली जावी आणि माहितीच्या तारा मागाहून, एवढ्यासाठी ही योजना. मला ही युक्ती फार आवडते. कोणताही जादा भाग न वापरता केवळ पट्टीच्या लांबीने क्रम साधला आहे.

खास खाच बनवणारे सगळेच लबाड असतात असे मात्र मी म्हणणार नाही. १९९९ साली अमेरिकेतील हँडस्प्रिंग कंपनीने 'व्हायझर' नावाचा हातातला संगणक काढला. त्याच्या पाठीवर 'स्प्रिंगबोर्ड' नावाची ६८ पिनांची खाच होती. तीत कॅमेरा बसवा, मोडेम बसवा, उपग्रहाच्या साहाय्याने ठिकाण सांगणारे यंत्र बसवा. टेलिफोनसुद्धा बसवता येई. लागणारी आज्ञावली त्या जोड-उपकरणातच साठवलेली असे. ते खाचेत सरकवले की आपोआप कामाला लागे, काढले की मागे काही राहत नसे. त्या काळी उपलब्ध असलेल्या कोणत्याही सर्वसाधारण जोडणीला एवढे साधले नसते. शिवाय कंपनीने खाचेचे आराखडे बाहेरच्या उत्पादकांना खुले केले होते.

तरीही काय झाले? २००१ च्या 'व्हायझर एज' या बारीक मॉडेलमध्ये ही खाच अंगात मावेना, तेव्हा ती वेगळ्या जोडतुकड्यात गेली. २००२ साली आलेल्या 'ट्रिओ' फोनमध्ये ती उरलीच नाही. २००३ साली कंपनी पाम कंपनीत विलीन झाली. आराखडा खुला होता, पण खाच एकाच कंपनीच्या यंत्रांवर होती. यंत्र गेले, त्यासरशी खाच गेली. हे उदाहरण माझ्या मताला थोडे गैरसोयीचे आहे, याची मला जाणीव आहे. नुसता खुलेपणा पुरत नाही. ती खाच अनेक निर्मात्यांच्या यंत्रांवर असावी लागते.

ही दुसरी अट पुरी करण्याच्या बाबतीत टाइप-सी बरीच पुढे गेली आहे. तिचे मानक २०१४ साली प्रसिद्ध झाले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, टॅब्लेट, हातातले खेळ-संगणक अशा अनेक साधनांना तीच खाच सक्तीची केली. या रचनेत झिजणारे स्प्रिंग मुद्दाम केबलच्या टोकात ठेवले आहेत, म्हणजे झिजेल ती केबल, महागडे यंत्र नव्हे. आणि समोर खरोखर उपकरण आहे हे ५.१ किलोओहमच्या रोधावरून ओळखल्याशिवाय वीज सोडली जात नाही.

या रोधावरून एक गोष्ट आठवली. २०१९ साली रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आला. त्याच्या टाइप-सी खाचेत दोन टोकांसाठी दोन रोध हवे होते, तिथे रचनाकारांनी दोघांत मिळून एकच वापरला. परिणाम असा की ओळख सांगणारी चिप असलेल्या काही केबली लावल्या की चार्जरची फसगत होई आणि तो वीजच देत नसे. मंडलाचा आराखडा आणि मानक, दोन्ही उघड होते; म्हणून बाहेरच्या एका अभियंत्याला ती चूक शोधता आली, आणि पुढच्या आवृत्तीत ती सुधारली गेली. आराखडा कुलपात असता, तर लोकांनी दोष केबलला दिला असता.

एक सावधगिरी मात्र हवी. खाचेचा आकार एक असला, तरी गुण एक असतातच असे नाही. काही टाइप-सी खाचांतून फक्त वीज आणि सावकाश माहिती जाते. मोठ्या पडद्यावर चित्र पाठवणे त्यांना जमत नाही. बाहेरून बघून कळत नाही, हा या मानकाचा मोठा दोष मी मानतो. म्हणून शिक्षकांनी खरेदीपूर्वी विक्रेत्याला लेखी विचारावे : खाचेचे मानक कोणते, तिच्यातून काय काय जाते, आणि संवेदक दुसऱ्या निर्मात्याच्या संगणकावर चालतील का? उत्तर मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे.

आमच्या कपाटातल्या संवेदकांचे म्हणाल, तर गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत दोन विद्यार्थ्यांनी त्यांतला तापमानाचा संवेदक मागून घेतला. (चार्जर किंवा बॅटरी उघडायची नाही, या अटीवर मी तो दिला.) मल्टिमीटर लावून पाहिले तर आत निघाला एक साधा थर्मिस्टर, गरम पाण्यात धरला की रोध कमी, बर्फात जास्त. त्यांनी तापमान आणि रोध यांचा आलेख काढला, आणि आता तो संवेदक अकरावीच्या प्रयोगाला वापरात आहे. दाबाच्या संवेदकाला मात्र पाच तारा आहेत. त्यांतल्या दोन कशासाठी, ते अद्याप उमगलेले नाही.