पक्व ऊस आणि तोडीची चिठ्ठी

ऊस पिकला की नाही हे ओळखण्याची विद्या बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना नवी नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या माळरानावर खेळू लागले आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखात उसाचे फड उभे राहिले. पुढे १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर इंदापूरच्या भीमाकाठीही हे पीक पसरले. एवढ्या पिढ्यांचा अनुभव गाठीशी असलेल्या शेतकऱ्याला आपला ऊस केव्हा तयार होतो हे कोणी सांगावे लागत नाही. प्रश्न वेगळाच आहे. ऊस तयार झाला हे ज्याला कळते, त्याच्या हाती तोड नाही. आणि ज्याच्या हाती तोड आहे, त्याला त्या एका फडाच्या पक्वतेशी फारसे कर्तव्य नाही.

पक्वतेची लक्षणे सुस्पष्ट आहेत. थंडी पडू लागली आणि हवा कोरडी झाली की उसाची वाढ मंदावते, पाने पिवळसर होतात, डोळे फुगतात, कांड्यावर ठोकले असता खणखणीत आवाज येतो. साखर प्रथम बुडख्याकडील कांड्यांत साठते आणि तेथून शेंड्याकडे सरकते. म्हणूनच शास्त्रीय परीक्षेत बुडख्याच्या आणि शेंड्याच्या रसाचा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरने मोजून त्यांची तुलना करतात. दोहोंतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले की ऊस पक्व झाला. शेंड्याचा ब्रिक्स बुडख्याच्या पुढे गेला की तोडीची वेळ टळली. हे उपकरण खिशात मावते आणि मोजणीस काही मिनिटे पुरतात.

गुऱ्हाळाच्या काळात ही परीक्षा शेतकरी स्वतः करी आणि तिचे फळही स्वतःच भोगी. कच्चा ऊस तोडला तर गुळाची ढेप नीट बसत नसे. चूक ज्याची, नुकसानही त्याचेच, असा तो सरळ व्यवहार होता. साखर कारखाने आले आणि हा धागा तुटला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी व नीरा-भीमा या कारखान्यांनी या भागाचे अर्थकारण पालटले, हे कोणीही मान्य करील. परंतु हजारो सभासदांचा ऊस एकाच गव्हाणीत आणायचा तर तोडणीचा कार्यक्रम आखणे क्रमप्राप्तच होते, आणि त्यासाठी सर्वत्र सोयीचा आधार मानला गेला तो लागणीच्या तारखेचा. आडसाली लागण सोळा ते अठरा महिन्यांत, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांत, सुरू बारा-तेरा महिन्यांत तयार होते, हे ठोकताळे ढोबळ मानाने खरे आहेत. तथापि एकाच दिवशी लावलेले दोन फड एकाच दिवशी पिकत नाहीत. वाण, जमिनीचा कस, नत्राची मात्रा, पाण्याच्या पाळ्या यांनी महिन्या-दीड महिन्याचा फरक सहज पडतो. तारीख हा पक्वतेचा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

उशीर झाला तर काय होते, हे कोणत्याही फडात दिसते. तुरा आल्यानंतर वाढ थांबते. दीड-दोन महिने ऊस तसाच उभा राहिला तर पांगशा फुटतात, दशी पडते, कांडी पोकळ होऊ लागतात. वजन घटते आणि साखरही घटते. मग चिठ्ठी लवकर मिळावी म्हणून विनवण्या सुरू होतात, टोळीला ‘खुशाली’ द्यावी लागते, आणि अगदीच निरुपाय झाला तर ऊस पेटवून द्यायचा व जळिताची कपात सोसायची, असा शेवटचा मार्ग उरतो. २०२१–२२ च्या हंगामात राज्यात ऊस इतका उदंड झाला की गाळप जूनपर्यंत लांबले. त्या वेळी शासनाने १ मेनंतर गाळलेल्या उसासाठी कारखान्यांना टनामागे २०० रुपये अनुदान जाहीर केले. ते होते साखर उताऱ्यातील घटीसाठी. शेतात उभ्या उभ्या वाळून गेलेले वजन कोणाच्या हिशेबात धरायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

याचे मूळ दराच्या पद्धतीत आहे. २०२५–२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४.६० रुपये अधिक मिळतात. पण हा उतारा संपूर्ण कारखान्याचा असतो. शेतकऱ्याचे वजन त्याचे एकट्याचे मोजले जाते, गोडी मात्र सर्वांची मिळून. ज्याने पूर्ण पिकलेला ऊस दिला आणि ज्याने कोवळा दिला, त्या दोघांना टनामागे एकच भाव. साहजिकच तोडीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे हा शास्त्राचा सल्ला फडात टिकत नाही. शेवटची पाळी देऊन वजन राखण्याकडेच शेतकऱ्याचा कल राहतो. तोडणी मजुराची मजुरीही टनावरच ठरते. अशा रीतीने पक्वता ही सर्वांच्या तोंडी असलेली आणि कोणाच्याच खिशाशी न जोडलेली गोष्ट होऊन बसली आहे.

कारखान्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. गाळप रात्रंदिवस चालू ठेवावे लागते. बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या टोळ्या रोज या गावातून त्या गावात हलवता येत नाहीत. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला नाही तर रसातील साखर विघटित होऊ लागते. प्रत्येक खेपेची तपासणी करायची म्हणजे खर्च आला आणि तंटेही आले. या अडचणी खऱ्या आहेत, पण दुर्लंघ्य नाहीत. ऑस्ट्रेलियात प्रत्येक उत्पादकाच्या उसातील साखरेचा अंश तपासून त्यावर त्याचा दर ठरतो. येथे एकदम तेवढी मजल मारावी असे नाही. गटवार ब्रिक्स मोजून ते आकडे गावच्या चावडीवर लावणे आणि तोडीचा क्रम लागणीच्या तारखेबरोबर त्या आकड्यांवर बेतणे, एवढा आरंभ तरी सहकारी संस्थांना अवघड नाही. आकडे उघड झाले की वशिल्याला जागा आपोआप कमी उरते.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उपग्रह, हवामान केंद्रे आणि जमिनीतील संवेदक यांच्या मदतीने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत. मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांचे साहाय्य त्यांना लाभले, आणि त्यांचे कौतुक दूरवर झाले. ते योग्यच आहे. पण आकाशातून पाहणाऱ्या यंत्राने फड पक्व झाल्याचे सांगितले आणि टोळी महिन्याने आली, तर त्या ज्ञानाचा उपयोग काय? नीराकाठच्या शेतकऱ्याला पक्वतेचे ज्ञान पूर्वीही होते. त्याला हवी आहे ती त्या ज्ञानाला मान देणारी तोडीची चिठ्ठी, आणि उसाच्या गोडीचा ज्याचा त्याला मिळणारा मोबदला.