मागाचा धडा कोणी शिकवावा?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना कालखंड सुचविला आहे. ह्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणत्यांच्या हाताखाली काही शिकावे, अशी अपेक्षा आहे. सोलापुरात ह्या यादीच्या आरंभी विणकराचे नाव घालावे लागेल. तेलंगणातून येऊन येथे स्थिरावलेल्या पद्मशाली कुटुंबांनी शहराच्या पूर्व भागात माग मांडले आणि सोलापुरी चादर देशभर पोचविली. त्या चादरीला भौगोलिक मानांकनही लाभले. अशा शहरातील मुलाला धोटा चित्रात दाखवावा लागावा, ही विसंगती लहान नव्हे.

कल्पना मात्र नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षणाचा विचार मांडला व डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याची योजना आखली. मुलांच्या श्रमावर शाळा चालविण्यास प्रा. के. टी. शहा यांनी त्याच परिषदेत विरोध केला होता. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. तिचे शाळाशाळांतून काय झाले, हे शिक्षकांना सांगावयास नको. कागदी फुले झाली, तोरणे झाली आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या गुरुजींनी मागून घेतला!

वस्तुतः गणिताच्या गुरुजींनीच मागापाशी जावयास हवे होते. चादरीवरील नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर उतरते. मग तिच्या आधारे पुठ्ठ्याच्या पत्त्यांना छिद्रे पाडली जातात. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. फ्रान्समधील जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. ‘आहे’ आणि ‘नाही’ ह्या दोनच खुणांवर आजचा संगणक चालतो. आठवीच्या मुलाला द्विमान पद्धती, सममिती आणि गुणोत्तर ही तिन्ही एका चादरीच्या काठात सापडतील. ती दाखविण्याचा अधिकार ज्याने आयुष्यभर ते पत्ते हाताळले, त्याचा आहे.

येथेच खरी अडचण उभी राहते. चादरी आता बहुतांशी यंत्रमागावर निघतात. हातमाग विरळ झाला. मजुरीवर जगणाऱ्या विणकराला आपला मुलगा मागावर बसावा, असे वाटत नाही, आणि त्यात त्याचे काहीच चुकत नाही. अशा वेळी परंपरेच्या गौरवाची भाषणे त्याच्यापुढे करणे हा क्रूर विनोद होय. शिवाय २०१६ च्या कायदादुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यात हातभार लावण्याची मुभा ठेवली आहे. म्हणून शहांचा जुना आक्षेप आजही विसरता येत नाही. शाळेतील माग हा समजून घेण्यासाठी असावा. त्यावर विकाऊ माल निघू लागला, की शिक्षण संपले.

विणकराला शाळेत बोलवावयाचे ते शाल-श्रीफळ देऊन छायाचित्र काढण्यापुरते नव्हे. त्याला तासागणिक मानधन द्यावे, हजेरीपटावर त्याचे नाव असावे आणि धड्याची आखणी गणिताच्या शिक्षकाने त्याच्यासमवेत करावी. जिल्हा परिषद व महानगरपालिका यांना ह्यासाठी फार मोठी तरतूद करावी लागेल, असे नाही. एवढेही न केल्यास हे दहा दिवस सहलीत जातील. सहलीही हव्यातच, पण त्यांना शिक्षण म्हणू नये.

एक गोष्ट मात्र पैशांवाचून कळेल. पूर्व भागातील अनेक घरांतून मागाच्या भागांची नावे मराठीत नव्हे, तेलुगूत उच्चारली जातात. फळ्यावर ‘धोटा’ लिहिल्यावर त्याशेजारी घरचा शब्द सांगावयास कोणी मुलगा हात वर करतो की मान खाली घालतो, हे पहिल्याच दिवशी पाहावे.