बैलगाड्या पुरे, कुस्ती सांगा

१५ जानेवारी आला की माझ्या फोनवर बैलगाड्या धडकायला लागतात. खाशाबा जाधवांची जयंती. कराडहून गोळेश्वरला निघालेली शे-दीडशे गाड्यांची मिरवणूक, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून उभे केलेले सात हजार रुपये, आणि शेवटी ठरलेला हुंदका : देशानं पद्म पुरस्कार दिला नाही. यातलं काही खोटं नाही. तरीही दरवर्षी माझं डोकं फिरतं, कारण यात कुस्तीच नसते.

साताऱ्या-सांगलीच्या तालमींत घाम गाळलेल्या कितीतरी जणांना मी विचारलंय. गहाणाची रक्कम सगळ्यांना पाठ. हेलसिंकीत खाशाबांनी कुणाकुणाला हरवलं, ते विचारलं की शांतता. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बसुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ. तीन देशांचे मल्ल हरवून मिळवलेलं ब्राँझ आहे ते, वर्गणीतून आलेलं नाही.

त्याआधीची चार वर्षं तर मला त्याहून मोलाची वाटतात. १९४८ साली लंडनला हा तांबड्या मातीत वाढलेला पोरगा ५२ किलो गटात उतरला आणि सहावा आला. पाठ टेकली की कुस्ती संपली, एवढाच हिशेब ज्याला ठाऊक, त्याला तिथं मॅट, घड्याळ आणि गुण यांच्याशी झुंजायचं होतं. १९५२ला तो ५७ किलोत गेला, म्हणजे जास्त वजनाच्या मल्लांत, आणि तिसरा आला. या चार वर्षांत त्यानं काय बदललं, काय टाकलं, काय ठेवलं? यावर कुणी वस्ताद बोलेल, तर मी पदरचं भाडं भरून ऐकायला जाईन.

पुढं जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर नियमाची विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत मल्ल ममदबेयोवसमोर उभं राहावं लागलं. भांडायला आपला अधिकारी जवळ नव्हता. हाही प्रसंग आपण फक्त रडायला वापरतो. नियम माहीत असलेला माणूस मॅटशेजारी हवा, एवढं साधं त्यातून काढत नाही.

पद्म मिळालं असतं तर फरक पडला असता? शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, सिनेमाही निघाला. आधी सैन्यात बॉक्सिंग, १९६५च्या युद्धात जखमी, १९६८ला तेल अवीवला टेबल टेनिस, १९७२ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत आणि सुवर्ण. तीन खेळ एका जन्मात! आणि आपण मोजतो काय, तर अंगात घुसलेल्या गोळ्या.

उपेक्षेची गोष्ट आपल्याला सोयीची पडते. दोष दिल्लीचा ठरतो, आपल्याला नुसते डोळे पुसायचे असतात. कुस्तीतलं पुढचं ऑलिंपिक पदक २००८ला आलं, ५६ वर्षांनी. ते आपल्याकडचं नव्हतं. महाराष्ट्रातल्या खेळाडूचं पुढचं वैयक्तिक पदक २०२४ला, तेही नेमबाजीत.

मागं एका गावात जयंतीला बोलायला गेलो होतो. ठरवलं, फक्त कुस्त्या सांगायच्या. पुढं बसलेली लंगोटवाली पोरं कान टवकारून ऐकत होती. जर्मनीच्या मल्लापर्यंत पोचलो आणि आयोजकांची चिठ्ठी आली : ‘सर, बैलगाड्यांचं घ्या.’