अंगणातलं ऑइल चेंज
बोलेरो पिकअपसारखी गाडी मुळातच उंच. सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावले की खाली सरकता येतं. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली मात्र कधीच शिरू नये. इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा, कोमट ऑइल गाळासकट उतरतं. सांडासांड होते ती बोल्ट काढल्यावर पहिल्या काही क्षणांत. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर भरलेला असतो तेव्हा धार सरळ खाली पडत नाही, जोराने बाजूला उडते आणि मग हळूहळू मागे येते; ट्रेही तसाच सरकवावा लागतो. शेवटचे आटे सोडताना बोल्ट आत दाबून धरायचा आणि झटक्यात बाजूला घ्यायचा. डब्यासारखा फिल्टर ढिला झाला की त्यावर जाड प्लास्टिकची पिशवी चढवून पिशवीतच फिरवून काढावा. जुनं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना, हे बोटाने चाचपून बघाच. त्यावर नवा फिल्टर बसला तर सुरू करताच ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रबराला ताजं ऑइल चोळून फिल्टर हातानेच आवळा. बोल्टचं वायसरही नवं घाला, चार पैशांची वस्तू आहे. आणि निघालेलं काळं ऑइल कृपा करून ओढ्यात, उकिरड्यावर ओतू नका, गोठ्याच्या खांबांनाही फासू नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, फिल्टर रात्रभर निथळू द्या आणि दोन्ही अशा गॅरेजात द्या, जिथून माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याकडे जातो.