काडेपेटी, कॅलेंडर आणि फ्लेक्स : चित्राला साक्षीदार समजणाऱ्यांसाठी एक धागा

१/ मार्च २०२५. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याच्या परिसरात लोक रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणत होते. फेब्रुवारीत ‘छावा’ प्रदर्शित झाला होता. बऱ्हाणपुरातली मोगलांची संपत्ती पडद्यावर दिसली, म्हणजे सोन्याची नाणी आजही जमिनीत असणार, असा हिशेब. त्या बातमीवर आपण सर्वजण हसलो. आजचा धागा त्या हसणाऱ्यांविषयी आहे. त्यांत मीही होतो.

२/ हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. इतिहासावर लिहिणारे आपण रोज हेच करतो, फक्त हातात फावडे नसते. मजकूर लिहिताना प्रत्येक सनावळीसाठी बखर, फर्मान, पत्रव्यवहार धुंडाळतो आणि शेवटी ‘काहीतरी दृश्य हवे’ म्हणून हाताला लागेल ते चित्र चिकटवतो. मजकुराला पुरावा लागतो. चित्राला मात्र आपण कधीच काही विचारत नाही.

३/ माझाच गुन्हा आधी कबूल करतो. पेशवे दरबारावरच्या एका जुन्या धाग्यात मी एक रंगीत चित्र ‘समकालीन’ म्हणून दिले होते. एका वाचकाने त्याच चित्राची संपूर्ण प्रत पाठवली. माझ्या प्रतीत खालची पट्टी कापलेली होती. त्या पट्टीवर पुण्याच्या एका शिळाछाप छापखान्याचे नाव होते. पेशवाई १८१८ मध्ये संपली. ते चित्र त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी छापलेले होते. मी पेशवाई दाखवतो आहे असे मला वाटत होते; प्रत्यक्षात पेशवाईची आठवण काढणारे इंग्रजी अमलातले पुणे दाखवत होतो.

४/ माझा मुद्दा एवढाच आहे. लोकप्रिय चित्र, मग ते शिळाछाप असो, काडेपेटीवरचे लेबल असो, कॅलेंडर असो की फ्लेक्स, ही घडलेल्या प्रसंगाची नोंद नसते. ते ज्या काळात छापले गेले, त्या काळच्या सार्वजनिक वादात कोणीतरी मांडलेली ती बाजू असते. पुरावा म्हणून त्याचे मोल मोठे आहे. परंतु तो पुरावा छापणाऱ्या काळाचा असतो, चित्रातल्या काळाचा नव्हे.

५/ ही गोष्ट आपल्या पूर्वसुरींना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा स्थापन करण्यात पुढाकार घेतला. मराठीतला सर्वांत धारदार निबंधकार रंगीत चित्रे छापण्याच्या उद्योगात का पडला? निबंध वाचण्यासाठी अक्षरओळख लागते; भिंतीवरचे चित्र निरक्षर घरातही बोलते, हे त्यांना कळले होते. देवादिकांची आणि मराठी राज्यातल्या पुरुषांची चित्रे एकाच छापखान्यातून, एकाच किमतीच्या वर्गात घरोघरी जाणे, हेच एक राजकीय विधान होते.

६/ उदाहरणासाठी पुण्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. अंबरनाथ म्हटले की आपल्या वर्तुळात फक्त शिलाहारांचे शिवमंदिर आणि शके ९८२ चा शिलालेख यांचीच चर्चा होते. याच गावात विसाव्या शतकातली चित्रे लाखोंच्या संख्येने डब्यांवर चिकटून बाहेर पडत होती, याकडे कोणी पाहत नाही. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘विमको’, १९२३ मध्ये स्थापन झाली. तिचा काडेपेट्यांचा कारखाना अंबरनाथला होता.

७/ कंपनीचे भांडवल स्वीडिश. सरकारने १९२२ मध्ये परदेशी काडेपेट्यांवरची आयात जकात वाढवल्यावर स्वीडनच्या मक्तेदार कंपनीने माल पाठवण्याऐवजी येथेच कारखाने काढण्याचा मार्ग धरला. देशी कारखानदारांनी ओरड केली की ही स्पर्धा आम्हांला संपवणार. प्रकरण टॅरिफ बोर्डापुढे गेले आणि १९२८ मध्ये बोर्डाचा अहवाल आला. वादाचा गाभा आजही ओळखीचा वाटेल : अंबरनाथच्या मजुराने बनवलेली, पण नफा परदेशी जाणारी काडी स्वदेशी म्हणायची की विलायती?

८/ आता त्या काळची लेबले या प्रश्नासह पाहा. स्वीडन, जपान, ऑस्ट्रिया येथून येणाऱ्या काडेपेट्यांवर आधीपासूनच हिंदू देवदेवता छापलेल्या असत. पुढे देशी कारखान्यांच्या पेट्यांवर चरखा, भारतमाता, पुढारी आले. म्हणजे चूल पेटवताना, विडी शिलगावताना, टीचभर कागदावर ‘आपले कोण’ हा वाद चालू होता. विमकोच्या ‘शिप’ छापावरचे जहाज मालकाविषयी चकार शब्द काढत नाही. ते मौनही त्या वादातलीच एक बाजू आहे. अशा लेबलाला ‘जुने दिवस’ म्हणून हृदयाचे चिन्ह देऊन पुढे जाणारे आपण इतिहासप्रेमी खरे, पण इतिहास वाचणारे नव्हे.

९/ आता रेल्वेने एक स्थानक मुंबईकडे, उल्हासनगरला. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आणले गेले. त्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच कॅम्पांचे क्रमांक आजही पत्त्यात टिकून आहेत. येथील दुकानांत गल्ल्याच्या वर हमखास दिसणारे चित्र झुलेलालांचे : पांढरी दाढी, कमळ, खाली पल्ला मासा आणि सिंधूचा प्रवाह.

१०/ अनेकांना हे चित्र अनादी वाटते. त्याच्या आजच्या स्थानाला मात्र फाळणीनंतरचा इतिहास आहे. सिंधमध्ये उडेरोलाल येथील स्थान हिंदू आणि मुसलमान दोघेही मानत आले आहेत. फाळणीनंतर विखुरलेल्या समाजाला एकत्र बांधण्यासाठी प्रा. राम पंजवानी यांच्यासारख्यांनी गाण्यांतून, सभांतून झुलेलाल आणि चेटीचंड यांना सिंधी अस्मितेचे केंद्र बनवले. छापील चित्राने ते घराघरांत नेले. जमीन गेली, नदी मागे राहिली, तिचे चित्र मात्र प्रत्येक बराकीत आले. पण त्याच छापील रूपातून सामायिक दर्ग्याची आठवण हळूहळू पुसट होत गेली. चित्राने समाजाला काय दिले आणि काय विसरायला लावले, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले तरच तो इतिहास होतो. श्रद्धेला याने धक्का लागत नाही. धक्का लागतो तो आपल्या आळसाला.

११/ हे वाचन कसे करायचे, याचा एक धडा आफ्रिकेतून घेण्यासारखा आहे. काँगोतल्या, म्हणजे तत्कालीन झाईरमधल्या, लुबुम्बाशी शहरात त्शिबुम्बा कांडा मातुलु हा चित्रकार सामान्य लोकांच्या बैठकीच्या खोल्यांसाठी चित्रे रंगवून विकत असे. १९७३-७४ मध्ये त्याने योहानेस फाबियन या मानवशास्त्रज्ञासाठी देशाच्या इतिहासाची सुमारे शंभर चित्रांची मालिका काढली आणि प्रत्येक चित्रावर तोंडी भाष्य केले. तो स्वतःला इतिहासकार म्हणवत असे.

१२/ पॅट्रिस लुमुम्बा यांची हत्या १७ जानेवारी १९६१ रोजी झाली. त्या मृत्यूच्या चित्रात त्शिबुम्बाने क्षितिजावर तीन क्रूस रंगवले. तेथे खरोखर क्रूस होते का, असा प्रश्न कोणी शहाणा माणूस विचारत नाही. त्याने लुमुम्बांना ख्रिस्ताच्या जागी बसवून सत्तेवर आरोप ठेवला आहे, हे आपल्याला लगेच दिसते. काँगोचे चित्र पाहताना असणारी ही समज आपल्या गावातला फ्लेक्स पाहताना कोठे जाते?

१३/ बदलापूर स्थानकाबाहेर उभे राहा. वाढदिवस, जयंती, पुण्यतिथी, मिरवणूक, अभिनंदन. ऐतिहासिक पुरुष मध्यभागी, आजचे नेते त्यांच्या खांद्याशी, खाली कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यांची रांग. कोणाचा चेहरा किती मोठा, कोण कोणाशेजारी, कोणत्या महापुरुषाला कोणता रंग, कोणता महापुरुष गाळला : हा आपल्या शहराचा रोजचा अग्रलेख आहे. डिझाइन करणारा मुलगा संगणकावर आयते चित्र उचलतो, पार्श्वभूमी कापतो, चौरस फुटाच्या दराने छापतो. चार दिवसांत फ्लेक्स उतरतो. त्याची एकही प्रत कोणत्याही दप्तरात जात नाही.

१४/ एक फरक लक्षात घ्या. १८६७ च्या छापखानेविषयक कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण देणे बंधनकारक केले. इंग्रजांचा हेतू नजर ठेवण्याचा होता. पण त्यामुळेच माझी चूक शंभर वर्षांनंतरही पकडता आली. निवडणुकीच्या पत्रकांना आणि पोस्टरांना आजही मुद्रक-प्रकाशकाचे नाव लागते. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्राला मात्र खालची पट्टीच नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही मोबाइल स्टेटसवरून बंद, दगडफेक, इंटरनेटबंदीपर्यंत गोष्ट गेली. निनावी चित्राची किंमत शेवटी रस्त्यावरच्या माणसाला मोजावी लागते.

१५/ आता आक्षेप. ‘फ्लेक्स म्हणजे विद्रूपीकरण, त्याचा कसला अभ्यास?’ बेकायदा फलक उतरवलेच पाहिजेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये तसे स्पष्ट आदेश दिले आहेत. पण उतरवण्याआधी एक छायाचित्र घेण्यास कोणत्या न्यायालयाने मनाई केली आहे? आज रद्दी वाटणारी काडेपेटीची लेबले उद्या संग्राहक जपतात आणि तेव्हा आपण म्हणतो की साधने उपलब्ध नाहीत.

१६/ दुसरा आक्षेप : ‘चित्रामुळेच तरुण इतिहासाकडे वळतात, कीस कशाला काढायचा?’ पहिला भाग मान्य. मीही एका कॅलेंडरमुळेच या विषयाकडे आलो. पण चित्राने दार उघडले म्हणून उंबरठ्यावरच बसून राहायचे का? एके काळी इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून सर्वत्र छापले जात होते. वा. सी. बेंद्रे यांनी कीस काढला, म्हणून ती चूक दूर झाली. महाराजांविषयीचा आदर त्याने कमी झाला काय?

१७/ म्हणून यापुढे चित्र लावताना चार प्रश्न. कोणी केले? केव्हा छापले? कोणासाठी? आणि सर्वांत महत्त्वाचा, कोणाच्या विरोधात? उत्तर मिळाले नाही तर चित्राखाली तसे लिहा. ‘समकालीन’ हा शब्द फुकट वाटू नका. चित्राची खालची पट्टी कधीही कापू नका.

१८/ आणि एक काम अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या मित्रमैत्रिणींसाठी. आपल्या चौकातल्या फ्लेक्सचे महिन्यातून एकदा छायाचित्र घ्या. तारीख, चौक, निमित्त, एवढ्या तीन ओळी खाली लिहा. घरातल्या माळ्यावर जुनी कॅलेंडरे, काडेपेट्या, लग्नपत्रिका असतील तर त्यांची मागची बाजूही टिपा. छापखान्याचे नाव बहुधा तेथेच सापडते.

१९/ माझ्या त्या जुन्या धाग्यातले चित्र मी काढलेले नाही. त्याखाली दुरुस्ती जोडली आहे : ‘हे पेशवाईचे चित्र नाही. पेशवाई गेल्यावर तिची आठवण काढणाऱ्यांचे आहे.’ तुमच्याही जुन्या धाग्यांत अशी चित्रे असतील. आज रात्री त्यांतले एक उघडा आणि त्याच्या खालच्या पट्टीचा शोध सुरू करा.