पेंटबॉलचा क्लास : पैसे पाण्यात?

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. तर गेल्या सुट्टीत मी एका प्रोफेशनल खेळाडूच्या पेंटबॉल क्लिनिकला पैसे भरले. चांगलं दोन महिन्यांचं मेसबिल! रूम पार्टनर म्हणाला, "रंगाच्या गोळ्या मारायला क्लास कशाला रे?"

मलाही आधी तसंच वाटायचं. गन भारी असली की झालं. पण दिवसभरात नेमबाजीला त्यांनी जेमतेम अर्धा तास दिला. बाकी वेळ बंकरमागे अंग चोरून बसणं, डाव्या हातानेही गन चालवणं आणि समोरचा कुठे लपलाय ते ओरडून पार्टनरला सांगणं. दोन वर्षं मी नशिबाला शिव्या देत आऊट होत होतो. सरांनी पाच मिनिटांत दाखवलं, माझं कोपर बंकरबाहेर असतं. मित्र हे सांगत नाहीत, ते त्याच कोपरावर मारतात!

१९८१ साली न्यू हॅम्पशायरच्या जंगलात, झाडांवर खुणा करायच्या रंगीत पिस्तुलांनी पहिला खेळ झाला. १२ जणांत जिंकला तो जंगलात काम करणारा एक जण, एकही गोळी न झाडता.

मात्र वर्षातून एकदा ट्रिपला खेळणाऱ्याने या फंदात पडू नये. आणि घरी खरं सांगून जावं. मी "वर्कशॉप आहे" असं सांगितलं होतं. बाबांनी आता सर्टिफिकेट मागितलंय.